नाव बदला, पैसे मोजा!

सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कवर एकदा घेतलेले नाव तब्बल बारा वर्षे बदलता येत नव्हते. नोव्हेंबर २००६ मध्ये ही सेवा सुरू झाली, तेव्हा ज्याने जे नाव नोंदवले ते त्याला कायमचे चिकटले. नाव बदलण्याची सोय द्यावी, ही सभासदांची जुनी मागणी कंपनीने अखेर १० ऑक्टोबर २०१८ रोजी मान्य केली आणि एप्रिल २०१९ मध्ये ती सोय प्रत्यक्षात आली. मात्र तिच्यासोबत दरपत्रकही आले. पहिला बदल विनामूल्य. त्यानंतरच्या प्रत्येक बदलास ९.९९ डॉलर. प्लेस्टेशन प्लस या सेवेची वर्गणी भरणाऱ्यांना सवलतीचा दर, ४.९९ डॉलर.

रक्कम किरकोळ आहे. साठ डॉलरला मिळणाऱ्या नव्या खेळाच्या किमतीचा तो सहावा हिस्सा. त्यामुळे हा श्रीमंत देशांतील हौशी तरुणांचा प्रश्न आहे, असे म्हणून तो बाजूला सारणे सोपे आहे. परंतु या दहा डॉलरच्या आड एक मोठा प्रश्न दडलेला आहे. माणसाची ओळख जेव्हा एखाद्या कंपनीच्या वहीत नोंदली जाते, तेव्हा ती ओळख कोणाच्या मालकीची? ज्याचे नाव आहे त्याची, की जिची वही आहे तिची? आणि नोंद बदलण्याचे शुल्क नेमके कशासाठी आकारले जाते?

हौसेपलीकडचे नाव

ऑनलाइन खेळांतील नाव हे बहुधा कोवळ्या वयात घेतलेले असते. बाराव्या वर्षी एखाद्या आवडत्या मल्लाचे किंवा कार्टूनमधील पात्राचे नाव, त्यापुढे जन्मसालाचे दोन आकडे, असा तो मामला. पंचविशीत तेच नाव ओशाळवाणे वाटू लागते. तरीही ते टाकून देता येत नाही. कारण त्या नावाखाली वर्षानुवर्षांची कमाई साठलेली असते. विकत घेतलेले खेळ, जिंकलेली पदके, अर्धवट खेळलेले डाव आणि मित्रांची यादी हे सारे त्या खात्याला बांधलेले असते. नवे खाते विनामूल्य उघडता येते, पण जुन्या खात्यातील संचित तिथे नेता येत नाही. नावबदलाच्या शुल्काला जोर येतो तो याच अडकलेपणामुळे. ज्याला सोडून जाता येत नाही, त्याच्याकडून किरकोळ वाटणारी रक्कम सहज वसूल होते.

ओशाळवाणेपणापर्यंतच हा प्रश्न थांबला असता, तर तो विनोदी सदराचा विषय ठरला असता. पण काहींच्या बाबतीत तो सुरक्षिततेचा असतो. स्वतःच्या खऱ्या नावाने खेळणाऱ्या मुलीचा कोणी पिच्छा पुरवू लागले, तर नाव बदलणे हा तिचा पहिला बचाव असतो. विवाह मोडल्यावर पूर्वीच्या आडनावाची खूण पुसून टाकावी, असे एखाद्या स्त्रीला वाटू शकते. लिंगओळख बदलून जगणाऱ्या व्यक्तीला तर जुने नाव रोज पडद्यावर पाहणे, आणि ते अनोळखी लोकांच्या तोंडून ऐकणे, हा नुसता संकोच राहत नाही; ती एक जखम असते. या तिघांनाही दरपत्रक एकच उत्तर देते: एकदा बदलले असेल, तर आता पैसे भरा.

ऑनलाइन खेळांत नावाचे महत्त्व किती, हे ब्लिझार्ड या अमेरिकी कंपनीला २०१० साली चांगलेच उमगले. त्या वर्षी ६ जुलै रोजी कंपनीने जाहीर केले की, तिच्या चर्चापीठांवर यापुढे सभासदांचे खरे नाव दिसेल. त्यामुळे शिवीगाळ कमी होईल, असा तर्क होता. संतापाची अशी लाट उसळली की, अवघ्या तीन दिवसांत, ९ जुलै रोजी, कंपनीला माघार घ्यावी लागली. टोपणनाव हे अनेकांसाठी मुखवट्याहून अधिक, संरक्षक भिंतीसारखे असते, हा त्या प्रसंगाचा धडा होता. भिंतीला तडा गेला तर ती पुन्हा बांधता आली पाहिजे, हे त्यातून ओघानेच येते.

किल्ली कोणती, नाव की क्रमांक?

बारा वर्षे नाव बदलता न येण्यामागे सोनीची तांत्रिक अडचण खरीच होती. ती समजून घेण्यासाठी शाळेचे उदाहरण पुरेसे आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला एक क्रमांक मिळतो. पुढे नावात दुरुस्ती झाली तरी क्रमांक तोच राहतो आणि गुणपत्रिका, दाखला, हजेरी यांचा मेळ त्या क्रमांकाने लागतो. आता समजा, शाळेने क्रमांकच दिले नाहीत आणि प्रत्येक वर्गशिक्षकाने आपापल्या वहीत केवळ नावावरून नोंदी ठेवल्या, तर एका विद्यार्थ्याचे नाव बदलताच त्याचे सारे गुण बेपत्ता होतील.

प्लेस्टेशनवर असेच काहीसे झाले होते. अनेक जुन्या खेळांच्या निर्मात्यांनी खेळाडूची ओळख पटवण्यासाठी त्याचे नाव हीच किल्ली मानली होती. म्हणूनच २०१९ मध्ये ही सोय देताना सोनीने लांबलचक इशारे दिले. १ एप्रिल २०१८ नंतर प्रकाशित झालेले प्लेस्टेशन ४ वरील खेळ नावबदल पचवू शकतील. त्याआधीच्या काही खेळांत साठवलेली प्रगती, विकत घेतलेली सामग्री, आभासी चलन किंवा पदके गमावण्याची शक्यता होती. प्लेस्टेशन ३ आणि व्हिटा या जुन्या यंत्रांवरील खेळांना तर ही सोय लागूच नव्हती. अडचण आल्यास जुन्या नावाकडे विनामूल्य परत जाण्याची मुभा ठेवण्यात आली, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू.

ज्यांनी आरंभीच क्रमांकाची किल्ली केली, त्यांना यातले काहीच सोसावे लागले नाही. २००३ साली सुरू झालेल्या स्टीम या सेवेवर प्रत्येक खात्याला एक दीर्घ क्रमांक असतो. पडद्यावर दिसणारे नाव ही त्यावरची केवळ पाटी. ती हवी तेव्हा, हवी तितक्या वेळा, विनामूल्य बदलता येते. आधीच्या नावांची यादी इतरांना दिसते, पण ती पुसण्याचा अधिकार खातेदाराला आहे. माइनक्राफ्टचा प्रवास अधिक बोलका आहे. या खेळात सुरुवातीला नाव हीच ओळख होती. २०१४ मध्ये निर्मात्यांनी प्रत्येक खेळाडूला न बदलणारा क्रमांक दिला आणि पाठोपाठ, फेब्रुवारी २०१५ पासून, नाव बदलण्याची मुभाही दिली. अट एवढीच की, दोन बदलांमध्ये तीस दिवसांचे अंतर असावे. पैशांचा संबंध नाही.

म्हणजे तांत्रिक अडचण असते, ती खर्चिकही असते; पण तो खर्च एकदाच, रचना सुधारताना होतो. रचना सुधारल्यावर प्रत्येक बदलामागे लागणारा खर्च जवळपास शून्यावर येतो. आक्षेपार्ह नाव आढळल्यास कंपन्या स्वतःहून ते बदलून टाकतात, तेव्हा कोणतीच अडचण आड येत नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

समर्थने आणि त्यांची तपासणी

मग शुल्क कशासाठी? त्याच्या समर्थनार्थ सर्वसाधारणपणे तीन कारणे पुढे केली जातात. पहिले कारण प्रक्रियेच्या खर्चाचे. ते वर तपासून झालेच. वर्गणीदारांना निम्म्या दरात नाव बदलून मिळते, याचा अर्थच असा की, शुल्काचा प्रत्यक्ष खर्चाशी फारसा संबंध नाही. ते वर्गणीकडे वळवणारे आमिषही आहे.

दुसरे कारण अधिक वजनदार आहे. नाव बदलणे फुकट आणि अमर्याद झाले, तर शिवीगाळ करणारे, फसवणारे खेळाडू रोज नवे नाव घेऊन वावरतील आणि कोणाला ओळखू येणार नाहीत, असे सांगितले जाते. भीती खोटी नाही. पण शुल्क हा तिच्यावरचा उतारा कमकुवत आहे. ज्याला त्रासच द्यायचा आहे, तो नवे खाते विनामूल्य उघडतो. त्याला जुन्या नावाची पर्वा नसते. शुल्क भरावे लागते ते ज्याला आपले जुने खाते जपायचे आहे त्याला, म्हणजे बहुधा प्रामाणिक खेळाडूला. शिवाय तक्रार, बंदी आणि दंड यांच्या नोंदी कंपनीकडे खात्याच्या क्रमांकावर राहतात. पाटी बदलल्याने त्या पुसल्या जात नाहीत. बदल वारंवार होऊ नयेत एवढाच हेतू असेल, तर कालमर्यादा तेच काम अधिक न्याय्य रीतीने करते. तीस दिवस थांबणे श्रीमंताला आणि गरिबाला सारखेच लागू होते; दहा डॉलर सारखे लागू होत नाहीत.

तिसरे कारण टंचाईचे. एक नाव एकालाच मिळणार असेल, तर सुटसुटीत नावे लवकर संपतात आणि त्यांचा साठा करणारे उपटतात. ही टंचाई किती खरी होती, याची चुणूक मायक्रोसॉफ्टच्या अनुभवातून मिळते. २००२ साली सुरू झालेल्या एक्सबॉक्स लाइव्हवरील, पहिल्या पिढीच्या यंत्रापासून पडून असलेली सुमारे दहा लाख नावे कंपनीने मे २०१६ मध्ये मोकळी केली, तेव्हा ती पटकावण्यासाठी झुंबड उडाली. पण टंचाईवरचा खरा उपाय कंपनीने जून २०१९ मध्ये केला. एकच नाव अनेकांना घेता येईल. दुसऱ्यापासून पुढच्यांच्या नावापुढे हॅश चिन्ह आणि काही आकडे लागतील, अशी ती व्यवस्था. त्या वेळी प्रत्येक सभासदाला एक बदल विनामूल्य देण्यात आला. पुढच्या बदलांचे शुल्क मात्र कायम राहिले. टंचाई सरली, तरी टंचाईच्या नावाने सुरू झालेली आकारणी सरली नाही.

उलट दिशेने गेलेली उदाहरणेही आहेत. खेळाडूंच्या गप्पांसाठी सुरू झालेल्या डिस्कॉर्डने २०२३ मध्ये नावामागचे चार आकडे काढून टाकले आणि प्रत्येकाला एकमेव नाव घ्यायला लावले. टंचाई पुन्हा निर्माण झाली आणि चांगल्या नावांसाठी नव्याने धावपळ झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रायट गेम्सने लीग ऑफ लिजंड्स या खेळात नाव आणि त्याला जोडलेली शेपटी अशी रचना स्वीकारली. त्याआधी तिथे नाव बदलण्यास १,३०० रायट पॉइंट, अथवा खेळून मिळवलेले १३,९०० ब्लू एसेन्स मोजावे लागत. नव्या रचनेत ठरावीक अंतराने होणारा बदल विनामूल्य झाला. एका मोठ्या कंपनीने वर्षानुवर्षांचे उत्पन्न सोडले आणि तिचा खेळ बुडाला नाही, ही बाब शुल्काच्या समर्थकांनी ध्यानात घ्यावी अशी आहे.

भारतीय मुलांचे ‘रिनेम कार्ड’

भारतात प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स थोड्या घरांत पोहोचले. खेळ पोहोचला तो मोबाइलवरून. पब्जी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, जुलै २०२१ मध्ये तिचा भारतीय अवतार बीजीएमआय आला, तोही जुलै २०२२ ते मे २०२३ या काळात दुकानांतून गायब झाला आणि परतला. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर बंदी आली, तरी फ्री फायर मॅक्स सुरू राहिले. या साऱ्या उलथापालथीत ‘रिनेम कार्ड’ हा शब्द शहरांतल्या आणि गावांतल्या मुलांच्या तोंडी रुळला. नाव बदलायचे तर हे कार्ड हवे. ते खेळताना क्वचित बक्षीस म्हणून मिळते, एरवी विकत घ्यावे लागते. फ्री फायरमध्ये त्यासाठी ३९० डायमंड आकारले जात आले आहेत. रोब्लॉक्समध्ये मूळ युजरनेम बदलण्यास १,००० रोबक्स लागतात. तिथे २०२१ पासून वेगळे दर्शनी नाव विनामूल्य ठेवता येते, हा दिलासा.

भारतीय मुलांच्या बाबतीत नावबदलाचे एक वेगळे कारण आहे. या खेळांत मुले संघ बांधतात आणि संघाची खूण आपल्या नावाच्या आरंभी लावतात. संघ बदलला की नाव बदलायचे, संघ फुटला की पुन्हा बदलायचे. मैत्री जुळण्या-तुटण्याच्या वयात प्रत्येक वळणावर कार्डाची गरज भासते. शिवाय हे शुल्क रुपयांत दिसत नाही. ते डायमंड, युसी किंवा रोबक्समध्ये दिसते. ही चलने ठरावीक गठ्ठ्यांतच विकली जातात आणि हवे तेवढेच घेण्याची सोय बहुधा नसते. ३९० डायमंड म्हणजे किती रुपये, याचा हिशेब शाळकरी मुलगा करीत नाही. पालकांच्या मोबाइलवरून पैसे कापले गेल्यावर तो हिशेब घरात होतो, आणि तोही आवाज चढवून.

कायद्याची या प्रश्नाकडे नजर अद्याप नेमकेपणाने वळलेली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी जो कायदा केला, त्याचा रोख पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर आहे. ई-स्पोर्ट्स आणि सामाजिक खेळांना त्याने मोकळीक दिली. नावबदलाचे शुल्क ही पैज नव्हे, म्हणून ते या जाळ्यात येत नाही. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा मात्र अधिक जवळचा आहे. आपल्याविषयीची चुकीची अथवा दिशाभूल करणारी माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क तो नागरिकाला देतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यातील मुख्य तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. युरोपातील कायद्याने अशी दुरुस्ती सर्वसाधारणपणे विनामूल्य असावी, असे स्पष्ट म्हटले आहे. हौसेने घेतलेले टोपणनाव ही ‘चुकीची माहिती’ ठरणार नाही, हे खरे. पण टोपणनावात खरे नाव गुंफलेले असेल आणि ते नाव कायद्याने बदललेले असेल, तर पडद्यावर राहिलेले जुने नाव ही चुकीची माहिती का मानू नये?

राजपत्राशी तुलना

नाव बदलण्यास पैसे घेण्यात गैर ते काय, शासनही घेतेच की, असा युक्तिवाद केला जाऊ शकतो. महाराष्ट्रात नाव बदलायचे तर शासकीय राजपत्रात जाहिरात द्यावी लागते आणि तिचे शुल्क भरावे लागते. पण तिथे शुल्काच्या मोबदल्यात काय मिळते, हे पाहिले पाहिजे. जुने नाव आणि नवे नाव शेजारी शेजारी छापले जाते आणि त्या एका कागदाच्या आधारे बँक, पारपत्र, सातबारा, सर्वत्र दुरुस्ती करून घेता येते. शासन एक पुरावा निर्माण करते आणि नागरिकाला तो हक्काने मागता येतो. खेळाच्या कंपनीकडे पैसे भरून मिळते ती केवळ तिच्या आवारातील पाटी. ती पाटी उद्या नियम बदलून काढून घेण्याचा अधिकारही कंपनी स्वतःकडे राखून ठेवते. शिवाय जुन्या-नव्या नावांचा जाहीर मेळ हे राजपत्राचे बळ असले, तरी पिच्छा सोडवण्यासाठी नाव बदलणाऱ्या खेळाडूला नेमका तोच मेळ नको असतो. म्हणून ही तुलना वरवर पटणारी असली तरी टिकत नाही.

तेव्हा मागणी काय असावी? सारे काही फुकट द्या, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. तीन गोष्टी पुरेशा आहेत. ओळखीची किल्ली क्रमांक असावा आणि नाव ही बदलता येणारी पाटी असावी. नवे खेळ तयार करणाऱ्यांना यात कोणतीच अडचण नाही. वारंवार बदल रोखायचे तर पैशांऐवजी कालावधीचे बंधन असावे. आणि छळ, लिंगओळखीतील बदल किंवा कायदेशीर नावबदल या कारणांसाठी होणारा बदल, तो कितवाही असो, विनाशुल्क आणि विनाविलंब व्हावा. पहिल्या दोन गोष्टी काही कंपन्यांनी केलेल्याच आहेत. त्यामुळे त्या अशक्य आहेत, असे आता कोणाला म्हणता येणार नाही.

एक्सबॉक्सच्या २०१९ मधील बदलात मराठी वाचकाने नोंद घ्यावी अशी एक गोष्ट होती. नावासाठी ज्या नव्या लिप्या खुल्या झाल्या, त्यांत बंगालीबरोबर देवनागरीही होती. तोवर रोमन अक्षरांतच स्वतःला बसवणाऱ्या मुलाला आपले नाव आपल्या लिपीत लिहिता येऊ लागले. जी चूक त्याची नव्हती, जी लिपीची मर्यादा यंत्राची होती, ती दुरुस्त करून घेण्यासाठी कंपनीने त्या वेळी तरी त्याच्याकडून पैसे मागितले नाहीत. हेच तत्त्व बाकीच्या कारणांनाही लावायला हवे. माणूस वाढतो, घर बदलतो, संकटातून सुटतो, कधी स्वतःला नव्याने ओळखतो. त्याचे नाव त्याच्याबरोबर चालू शकत नसेल, तर दोष त्या वहीचा आहे. आणि वहीच्या दोषाची भरपाई ज्याचे नाव त्यात अडकले आहे, त्याने का द्यावी?